येतंय म्हण

मालवणात मी कुणाला सांगितलं की मी ताई ची शिकवते, की समोरून प्रश्न ठरलेला: "कोणच्या ताईची?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे, की बाबा, हा चिनी व्यायाम आहे, हळूहळू हातपाय हलवायचे असतात, त्यात श्वास आहे, तोल आहे, थोडं तत्त्वज्ञानही आहे. समोरचा सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि शेवटी म्हणायचा, "बरां, पण ताई कोण?" मग मी नादच सोडला. आता बाजारात मी 'ताईचीवाली'. मासळीवाली बांगडे मोजता मोजता विचारते, "काय गो, झाली ताईची कवायत?" मी म्हणते, झाली.

मी शांत बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. मुंबईत विम्याच्या कचेरीत सव्वीस वर्षं काढली, कंबर कामातून गेली, तेव्हा दादरला एका म्हाताऱ्या बाईंकडे हे शिकायला लागले. त्या म्हणायच्या, "तुझ्यासारख्या रागीट माणसांसाठीच आहे हे. शांत माणसांना कशाला हवंय?" नोकरी सोडून मालवणला आईच्या घरी आले आणि टाळेबंदीत घरात कोंडलेल्या सात मैत्रिणींसाठी फोनवर क्लास सुरू केला. साताचे सत्तर कधी झाले कळलं नाही, रोज हजर असायचे त्यातले तीसेक. पुणे, डोंबिवली, बांदा, दुबई, कुठले कुठले लोक. सकाळी सहा ते सात सराव, गुरुवारी शेवटची पंधरा मिनिटं तत्त्वज्ञान, आणि मग दिवसभर ग्रुपवर त्या तत्त्वज्ञानावरून भांडणं. ती सोडवणारी मी. पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक 'न करता करणं' या विषयावर रोज इतकं लिहायचे की एकदा मी त्यांना म्हटलं, सर, आज न लिहिता लिहा. दोन दिवस रुसले होते.

क्लास संपवायची आमची एक पद्धत आहे. इतर ठिकाणी नमस्ते म्हणतात, मला ते माझ्या तोंडी खोटं वाटायचं. आमच्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातंय' म्हणत नाही. म्हणायचंच नसतं. तो शेजारच्या दुकानात निघालेला असो की वर्षभरासाठी बोटीवर, उंबऱ्याशी तो म्हणतो, "येतंय," म्हणजे येतो. चुकून कुणाच्या तोंडून 'जातंय' निघालंच, तर माझी आई त्याला परत आत बोलवायची, बसवायची, घोटभर पाणी द्यायची आणि मग नव्याने निघायला लावायची. तर आमच्या क्लासच्या शेवटी प्रत्येकाने चॅटमध्ये लिहायचं: येतंय. पुण्या-दुबईच्या लोकांना ती गंमत वाटली आणि तेही लिहायला लागले. एका खाली एक तीस वेळा 'येतंय' आलं की मी फोन बंद करायची.

आमच्यात मसुऱ्याचे एक काका होते. सत्तरी उलटलेले, सगळं आयुष्य बोटीवर खलाशी म्हणून गेलेलं. सगळ्या ग्रुपमध्ये प्रत्यक्ष चीन पाहिलेला हा एकच माणूस. कुठल्याशा बंदरात बोट लागली होती, माल उतरायला उशीर होता, आणि कुंपणापलीकडच्या बागेत सकाळी चिनी म्हातारे-म्हाताऱ्या पाण्यातून चालल्यासारखे हळूहळू हात फिरवत होते. काका डेकवरून तासभर बघत राहिले. चाळीस वर्षांनी बायको गेल्यावर मुलीने, ती विरारला असते, त्यांना आमच्या क्लासचं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "बाय, ह्यां मी बगलेला आसा. करूचा रवला होता."

मला ते आवडायचे आणि त्यांचा रागही यायचा. एक तर फोन असा लावायचे की आम्हाला निम्मे काका आणि निम्मी खिडकी दिसे. खिडकीत माडाचा बुंधा, त्यामागे खाडीचं पाणी. दुसरं म्हणजे म्यूट करायचे नाहीत. सहा चाळीसला त्यांच्या वाडीत पाववाला यायचा, त्याचा भोंगा आम्हा तीस जणांच्या कानात पों पों वाजायचा आणि काका सगळ्यांच्या देखत "आज चार दी रे" म्हणून ओरडायचे. मी रोज बोलायची, ते रोज हसायचे.

त्या गुरुवारी विषय होता रिकामं होणं. ताई चीमध्ये पाऊल टाकताना एक पाय भरलेला असतो, एक रिकामा. सगळा भार एका पायावर गेला की दुसरा रिकामा होतो आणि मगच तो उचलता येतो. भार असलेला पाय ओढायला गेलात की पडलात. तिथून मी नेहमीप्रमाणे तत्त्वज्ञानावर घसरले. कळशी आतून रिकामी म्हणून तिचा उपयोग, खोली रिकामी म्हणून राहता येतं, आपणही असं रिकामं व्हायला शिकलं पाहिजे, वगैरे. छान रंगात आले होते. पुण्याचे प्राध्यापक चक्क टिपून घेत होते.

मध्येच काकांचा आवाज आला. "बाय, माका रिकामा होवक शिकव नको. घर रिकामा, खाट रिकामी. आता आणखी खंयसून रिकामो होव? भरूचा कसा तां शिकव."

कुणीतरी हसलं. बहुतेक त्यांच्या बोलण्याच्या धाटणीला हसलं असेल, पण माझं टाळकं सरकलं. सात वाजून गेले होते, रंगाचा बेरंग झाला होता. मी क्लासमध्ये पुस्तकी मराठी बोलते, कचेरीची सवय. त्याच मराठीत मी म्हटलं, "काका, हा क्लास आहे. गाऱ्हाणं घालायचं असेल तर देवळात जा. आणि कृपा करून म्यूट करा."

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नाही. देवापुढे हात जोडून गावच्या वतीने मागणं मागतात, ते गाऱ्हाणं. मसुऱ्याच्या माणसाला ते मी शिकवावं? बोलून गेले खरी. त्यांच्या चौकटीतला आवाज बंद झाला, मग चित्रही गेलं.

संध्याकाळी त्यांचा आवाजी निरोप आला, मिनिटभराचा. मी ऐकला नाही. आता माफी मागतील नाहीतर वाद घालतील, उद्या बघू, म्हणून तसाच ठेवला. खरं कारण मला ठाऊक होतं: चूक माझी होती आणि मला ती ऐकायची नव्हती.

शुक्रवारी काका क्लासला होते, पण चित्राशिवाय. काळी चौकट. सहा चाळीसला पाववाल्याचा भोंगा आला नाही, कारण ते म्यूटवर होते. पहिल्यांदाच. मला आधी बरं वाटलं, शिकले एकदाचे. सात वाजता नेहमीची रांग सुरू झाली. येतंय, येतंय, येतंय. आणि त्या रांगेत काकांचं: जातंय.

त्याच्याखाली प्राध्यापकांनी 'छान'चा अंगठा टाकला. दुबईच्या बाईंनी लिहिलं, "बाय बाय काका." त्यांना काय कळणार? त्यांच्या लेखी एका अक्षराचा फरक. पण सत्तरी उलटलेला मालवणी माणूस हा शब्द चुकून लिहीत नाही.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा. मग आदल्या संध्याकाळचा तो निरोप आठवला आणि उभ्या उभ्या ऐकला. खोकले, थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज, मग: "बाय, तू सांगलस तां बरोबर. क्लासात रडूचा नसता. तुका तरास दिलंय. आता परत देवचंय नाय." बस्स. माझ्या फोनात हा निरोप बारा तास पडून होता आणि मी रात्री निवांत माशाची आमटी जेवले होते.

स्कूटर काढली. कोळंबच्या पुलावर आल्यावर लक्षात आलं की आपल्याला त्यांचा पत्ताच माहीत नाही. दोन वर्षं रोज सकाळी या माणसाच्या घरात मी डोकावते आहे. त्यांच्या भिंतीचा रंग मला ठाऊक, कॅलेंडर ठाऊक, खिडकीतला माड ठाऊक, पण घर मसुऱ्यात कुठे ते ठाऊक नाही. केवढं मसुरं! मुलीचा नंबरही नाही. पुलावर थांबून ग्रुपवर लिहायला गेले, कुणाला काकांचा पत्ता माहीत आहे का, तर संदेशापुढे चक्र फिरत राहिलं. शिरा पडो त्या रेंजवर! तशीच पुढे निघाले. कांदळगाव मागे पडेपर्यंत स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत.

मसुऱ्यात शिरताना ऐकू आलं, पों पों. पाववाला! रोज ज्याच्यावर मी करवादायची तो भोंगा. फेरी संपवून परत निघाला होता. मी स्कूटर त्याच्या सायकलीला आडवी घातली आणि विचारलं, "सकाळी फोनासमोर हात फिरवत उभा राहणारा एक म्हातारा आहे, खाडीकडे घर, खिडकीत माड. ओळखता?"

"तो ताईचीवालो?" तो लगेच म्हणाला. "खालच्या वाडीत, देवळाकडसून उतार आसा ना, शेवटचा घर. पण आज पाव घेवक इलो नाय तो. मी दोनदा वाजवलंय."

दार उघडं होतं. हाका मारत आत गेले. फोन खिडकीत, एका रिकाम्या पितळी कळशीला टेकवून ठेवलेला. ही कळशी चौकटीत कधी दिसली नव्हती. पडद्यावर माझे सुटलेले फोन, एकाखाली एक. दोन खाटा, एकीवर गादी, दुसरीवर गादीची गुंडाळी, वर चादर घडी करून ठेवलेली. चूल थंड. मी मागच्या दाराने बाहेर पळाले.

ओहोटी होती. खाडी पार आत गेलेली, सगळा काळा चिखल उघडा पडलेला. त्या चिखलात वीसेक हातांवर एक लहान होडी रुतून बसली होती आणि होडीत काका, माझ्याकडे पाठ करून. होडीचा दोर काठावरच्या खुंटावरून सोडून आत घेतलेला. वल्हं मांडीवर.

"काका!"

त्यांनी वळून बघितलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं होतं की माणूस दिसला की रडू येईल, पण मला आला राग. क्लासची मराठी कुठल्या कुठे गेली. "काय चल्लाहा तुमचा? अक्कल आसा काय? जातंय म्हणान लिवतात! भायर येवा आदी!"

ते पुन्हा पाण्याकडे बघायला लागले. मग मी चपला फेकल्या आणि चिखलात उतरले.

मालवणच्या पुळणीवर, वाळूत वाढलेली मी, खाडीचा चिखल मला काय माहीत! चार पावलं बरी गेली. पाचव्याला उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. ओढायला गेले तर डावा गेला. जितकी धडपड करावी तितकी आत. मांडीपर्यंत गार चिखल, धरायला काही नाही. आधी लाज वाटली, मग खरंच घाबरले. "काका," मी ओरडले, आणि या वेळी त्यात राग नव्हता.

काका उभे राहिले. "ओढू नको! गो, ओढू नको पाय!" असा आवाज त्यांचा मी दोन वर्षांत ऐकला नव्हता, बोटीवरचा असावा. "भार डाव्यार घे. सगळो. आता उजवो रिकामो कर. रिकामो कर आदी, मगे उचल! काय शिकवतस तू लोकांका?"

बोलता बोलता ते होडीतून उतरलेही होते. वल्हं आडवं माझ्यापुढे टाकलं, त्यावर मी छाती टेकली. ते स्वतः त्याच चिखलातून हळूहळू आले, एक पाय भरलेला, एक रिकामा, क्लासमध्ये कधी जमलं नव्हतं इतकं सुरेख. माझा उजवा पाय सुटला, मग डावा. रांगत, वल्ह्याला धरून, त्यांचा हात धरून आम्ही काठाला लागलो. तिथे मी बसले आणि मोठ्याने रडले. ते माझ्याशेजारी बसून राहिले.

विहिरीवर पाय धुऊन झाल्यावर ओटीवर त्यांनी कोरा चहा दिला. दूध घेतलं नव्हतं त्या दिवशी. मी आधी माफी मागितली, सरळ, गुरुवारच्या बोलण्याची आणि न ऐकलेल्या निरोपाची. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. अशा गोष्टी आडून विचारता येत नाहीत. "काका, जीव देऊचो इचार होतो?"

"होतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "आसा की नाय, आता म्हायत नाय."

मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी म्हटलं, "आयुष्य बोटीर काढलास आणि ओहोटीक होडी काढतास? इतक्या कळूक नाय तुमका?"

"कळता गो," ते म्हणाले. "भरती दुपारची. म्हणानच आताच जावन बसलंय. म्हटलंय, पाणी येयसर कोण येता काय बगूया."

म्हणजे हा माणूस आम्हाला वेळ देऊन बसला होता. सकाळी सातला तीस लोकांना सांगून, पाणी चढेपर्यंत.

मग ते बायकोबद्दल बोलले. क्लासमध्ये दोन वर्षांत एकदाही बोलले नव्हते. मी बोलू दिलं नव्हतं म्हणा. पोटात दुखतं म्हणून तिला गोव्याला हॉस्पिटलात नेलं. गाडीत बसण्याआधी ती हातातली पितळी कळशी ओटीवर ठेवून, पदर सारखा करून, घराकडे बघून म्हणाली, "येतंय." आणि आली नाही. "मगे रोज सकाळी तुमी सगळे येतंय, येतंय लिवतात," काका म्हणाले. "मीव लिवी. पण दर टायमाक माका तिचा येतंय आयकाक येय. येवचा नाय तर म्हणूचा कित्याक? काल ठरवलंय, खरां काय तां लिवचा."

कळशी रिकामी म्हणून तिचा उपयोग, असं त्या माणसाला मी गुरुवारी सांगितलं होतं, आणि तीच कळशी फोनच्या मागे होती.

त्यांच्याच फोनवरून मुलीला लावला. मी समोर बसले आणि म्हटलं, तुम्ही सांगणार की मी सांगू? त्यांनीच सांगितलं, अडखळत, पण सगळं. पलीकडे ती रडली, मग म्हणाली संध्याकाळची गाडी पकडते, तोवर ताई तुम्ही तिथून हलू नका. मी हलले नाही. खालच्या वाडीतल्या एका बाईने पेज आणून दिली, खारातली मिरची दिली. दुपारी पाणी चढलं. होडी हळूच उचलली गेली आणि दोर सोडलेला म्हणून खाडीत निघाली, तेव्हा आम्ही दोघं ओटीवरून बघत होतो. काका उठले. मीही उठले. ते काठापर्यंत गेले, कमरेइतक्या पाण्यात उतरले, मी मागोमाग गुडघ्यापर्यंत. त्यांनी होडी पकडली, ओढत आणली आणि दोर खुंटाला बांधला. दोन गाठी मारल्या. आम्ही परत ओटीवर येऊन बसलो.

पाणी उतरायला लागलं तसा उजेडही उतरला. मुलीने ज्याला कळवलं होतं तो काकांचा पुतण्या कणकवलीहून आला, रात्री राहायला पिशवी घेऊन. मग मी उठले. कपडे चिखलाने कडक झालेले, कंबर मोडलेली, सकाळपासूनची भीती अंगातून उतरत होती. हेल्मेट घातलं आणि थकव्यात क्लासच्याच मराठीत तोंडून गेलं, "बरं काका, जाते मी."

ते ओटीवरून झटक्यात उठले. माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. "आत ये. बस."

मी बसले. त्यांनी आत जाऊन खिडकीतली ती कळशी आणली. सकाळी रिकामी होती, मधे कधीतरी त्यांनी ती विहिरीवरून भरली असावी. पेला भरून पाणी माझ्या हातात दिलं आणि मी पिईपर्यंत समोर उभे राहिले.

"जातंय म्हणू नको गो," ते म्हणाले. "येतंय म्हण. आणि म्हटलंस तर मगे ये."

मी किल्ली घेतली. स्कूटर सुरू केली, मग पुन्हा बंद केली.

"येतंय," मी म्हटलं. "फाल्या सकाळी. पाव घेवन ठेवा."